दोडका हजर

१७ नोव्हेंबर, सोम.

शेवटी गणित माझ्याच गळ्यात. वानखेडे मॅडम आजपासून बाळंतपणाच्या रजेवर, बदली शिक्षक येईल तेव्हा येईल. मु.अ. पठाण सरांनी माझ्यासाठी चहा मागवला तेव्हाच ओळखायला हवं होतं. ते उगाच चहा मागवत नाहीत. ‘साळवे मॅडम, सहावी का गणित है, क्या बडी बात. आप तो एम.ए. हो.’ म्हटलं, सर, मराठीत एम.ए. आहे. ‘हां तो, गणितपण मराठीतच शिकवायचंय ना.’ निमूट चहा संपवला.

घरी मिलिंदला सांगितलं. आधी नवऱ्यासारखा हसला, मग माझं तोंड बघून थांबला. तो वाळूजला कारखान्यात, क्वालिटी खात्यात. दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांशी भांडतो. मला अजून भूमितीच्या पेपरची स्वप्नं पडतात आणि स्वप्नातही कंपास घरी राहिलेला असतो, हे त्याला कुठून कळणार.

गणिताला यापुढे इथं ग. लिहीन. पूर्ण लिहायची इच्छा नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

पहिला तास झाला. म्हणजे मी वर्गात होते आणि वेळ गेला. पुस्तकातलं उदाहरण फळ्यावर उतरवलं, पोरांनी वहीत उतरवलं. कुणी काही विचारू नये म्हणून मी भराभर लिहीत होते. कुणी विचारलंही नाही. आमचं आपसांत ठरल्यासारखं झालं, मी त्यांना विचारायचं नाही, त्यांनी मला.

कोमल. मागून दुसरा बाक. यंदाच सोयगावहून आली, वडील वाळूजला कंपनीत लागले म्हणून. मराठीच्या तासाला हिचा हात सगळ्यांत आधी वर असतो. आज मी फळ्यावर ‘अपूर्णांक’ लिहिलं आणि ही पोट धरून उभी राहिली. ‘मॅडम, पोटात कळा यायल्यात.’ जा म्हटलं. तास संपेपर्यंत पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर बसून होती, खिडकीतून दिसत होती. पोरं म्हणाली, तिचं रोजच दुखतं मॅडम, पण गणितालाच.

राग यायला हवा होता. मला हेवा वाटला. माझेही हात गार पडले होते, पण मला पायरीवर जाऊन बसता येत नव्हतं.

२० नोव्हें., गुरु.

वानखेडे मॅडमना फोन. बिचारीने आठवा महिना लागलेला असताना माझं रडगाणं ऐकून घेतलं. म्हणाल्या, वर्गात तो मोठा पडदा बसवलाय ना, त्याला नुसता प्रार्थनेचा व्हिडिओ लावायला ठेवू नका, पोरांना खेळवा. खेळ असा. प्रत्येकाला एक कागदी कार्ड, त्यावर काळ्यापांढऱ्या चौकटी. पडद्यावर प्रश्न आणि चार पर्याय. कार्डाची जी बाजू वर धराल ते तुमचं उत्तर. बाईंनी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे हिरवं नाहीतर लाल. पोरांना मोबाइल नको, काही नको, कागद पुरतो.

प्रश्न त्यांनीच भरून ठेवलेत. बरोबर उत्तर बटण दाबेपर्यंत मलाही दिसत नाही. हे त्यांना सोय म्हणून सांगायचं होतं. मला ऐकूनच घाम फुटला.

ॲप चालतं का बघायला एक नाव घाल म्हणाल्या. विळीवर दोडका होता, डाव्या हाताने ‘दोडका’ टाइप केलं. कार्डाचा एक साधा प्रिंट काढून ओट्यावर धरला. मोबाइलने पटकन ओळखला. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

मग हुरूप येऊन औरंगपुऱ्यात गेले आणि सगळी कार्डं लॅमिनेट करून आणली. आपल्याकडे कागद जपायचा म्हटलं की लॅमिनेशनच सुचतं. छान चकचकीत झाली.

२१ नोव्हें., शुक्र.

फजिती. खिडकीचं ऊन, वरून ट्यूबलाइट, आणि चकचकीत कार्डं. वर्गभर नुसती चमचम. मी मोबाइल वर करते, खाली करते, पोरं हात दुखेपर्यंत कार्डं धरून. पडद्यावर सगळा वर्ग गैरहजर. एकच नाव आलं. टेबलावर माझा तो साधा प्रिंट पडला होता, तेवढा वाचला गेला.

दोडका. लाल.

 मग मागून कुणीतरी, ‘मॅडम, दोडका कोण?’ आणि वर्ग जो फुटला. कोमल दारापर्यंत गेली होती पोट धरून, तीही थांबून हसली. मी सांगणार होते, अरे ते चाचणीसाठी घातलेलं नाव आहे. का नाही सांगितलं? तोंड उघडलं आणि म्हटलं, ‘असेल तुमच्यातलाच कुणीतरी. ज्याचं त्याला माहीत.’

का म्हटलं, खरंच कळत नाही.

२४ नोव्हें., सोम.

रविवारी नवे प्रिंट काढून जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवले. मिलिंदने (यापुढे मि.) खळ लावायला मदत केली आणि दर पुठ्ठ्यामागे एकदा लॅमिनेशनची आठवण काढली.

आज पोरांचीच मागणी. आम्हालाबी भाजी करा. म्हणजे खरी नावं नकोत, पडद्यावर भाज्यांची नावं हवीत, कुणाची कोणती ते फक्त बाईंना ठाऊक. एकेकाने येऊन कानात सांगायचं. भेंडीसाठी तिघांत भांडण, एकीला ‘मॅगी’ हवी होती, नाही म्हटलं. कोमल सगळ्यांत शेवटी आली. ‘शेपू.’ शेपूच का गं? ‘कुणालाच आवडत नाय ना मॅडम.’

भाज्या ठरेपर्यंत घंटा झाली, ग. झालंच नाही. पठाण सर बाहेरून जाताना डोकावले. फळ्यावर एकही आकडा नाही. मी उगाच डस्टर फिरवलं.

दोडक्याचं नाव यादीतून काढायचं राहिलं. राहिलं की ठेवलं?

२६ नोव्हें., बुध.

संविधान दिन. सकाळी उद्देशिकेचं वाचन, मग तास. कार्डं वाचली गेली, सगळीच्या सगळी. दोडक्याचं कार्ड मी हजेरीपटाला टेकवून टेबलावर उभं केलेलं. पोरांचे डोळे पडद्यावर असतात, इकडे कुणी बघत नाही. वर्गावरून मोबाइल फिरवला आणि शेवटी खाली आणला. या वेळी कार्ड नुसतं पडलेलं नव्हतं. मी विचार करून बाजू वर धरली होती.

लाल. दुसऱ्याला लाल. तिसऱ्यालाही.

काय होतं बघा, मी घाबरले होते, पण तो लाल माझ्या नावापुढे नव्हता ना. दोडक्यापुढे होता. त्याच्यासाठी वाईट वाटलं, थोडं हसूही आलं. इतक्या वर्षांत ग. चुकल्यावर हसू आल्याचं आठवत नाही. आणि वर्गात वेगळीच गंमत. दोडका चुकला की पोरं त्याला समजावतात. कोण आहे माहीत नाही, म्हणून सगळ्या वर्गाकडे बघून मोठ्यांदा. ‘दोडक्या, तू छेद सारखे केलेच नाय राव.’ ‘घाई करतो त्यो.’ मी मान खाली घालून ऐकते. कळतंही बऱ्यापैकी.

कोमल बसली होती. पूर्ण तास. शेपूपुढे दोन लाल, बाकीच्या वेळी तिने कार्ड वर धरलंच नाही. पण बसली होती.

२९ नोव्हें., शनि.

शाळा सुटल्यावर कोमलची आई आली. कडेवर धाकटा, पदर नीट करत दारातच उभी. बसा म्हटलं तर बसेना. ‘मॅडम, पोरगी हुशार हाय, मी नाय म्हनत नाय. पन मागल्या चाचनीला कोरा पेपर दिऊन आली. घरी ताप येतो तिला पेपराच्या आदल्या दिवशी. दवाखाना केला, कायबी निघंना.’ मग हळू, ‘हिचे पप्पा म्हनत्यात, हितली शाळा मानवत नाय. नाताळाच्या सुट्टीत सोयगावला माझ्या आईकडं धाडू.’ कायमची? ‘व्हय. तिथं काय, घरकामाला हात लागंल आईला. शाळंत नाव घालूबी. बघू.’

त्या ‘बघू’चा अर्थ मला कळतो. माझ्या थोरल्या मावशीच्या वेळी घरात हाच शब्द होता, आणि मावशी परत शाळेत गेली नाही.

म्हटलं, बावीस डिसेंबरची गणिताची चाचणी होऊ द्या. तिने पूर्ण पेपर लिहिला तर? आई म्हणाली, ‘लिव्हला तर ठिवते की. मला काय हौस हाय व्हय लेकरू लांब धाडायची.’

हे मी कशाच्या जोरावर बोलले? मला स्वतःला अपूर्णांकांची बेरीज येत नाही.

१ डिसें., सोम.

आज लिहिलंच पाहिजे.

प्रश्न, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. मला वाटलं सोपं आहे. वरचे वर मिळवले, खालचे खाली, दोन छेद पाच. दोडका लाल. पण सोबत निम्मा वर्ग लाल, म्हणजे सगळे माझ्याच वाटेने गेलेले. बरोबर उत्तर पाच छेद सहा. का? पुस्तकात रीत आहे, ती वाचून दाखवली असती, पण कुणी विचारलं असतं की आमचं का चुकलं, तर? तेवढ्यात मागून दुसऱ्या बाकावरून, अगदी बारीक आवाजात, ‘दोडक्या, तुझ्या घरी ड्रम नाय का?’

कोमल. उभीही राहिली नव्हती, बाकाकडे बघून बोलत होती. ‘नळ आल्यावर अर्धा ड्रम भरला. मग त्यात आजून तिसरा हिस्सा वतला. तर पानी वाढंल का कमी व्हईल?’ पोरं म्हणाली, वाढंल. ‘मग दोन छेद पाच कसं? पाचाचं अर्धं अडीच. दोन म्हंजी अर्ध्याच्याबी खाली. पानी वतलं आन ड्रम उतरला व्हय?’

या शहरात पाणी म्हटलं की पोरं एकदम गंभीर होतात. कुणी हसलं नाही. मी तर खुर्चीवर बसून राहिले. इतकी वर्षं मी पाणी ओतत होते आणि ड्रम उतरत होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं की उत्तराकडे एकदा डोळे उघडून बघ.

शेपूपुढे हिरवं होतं. तिने ते पाहिलं की नाही, माहीत नाही.

३ डिसें., बुध.

आमच्या भागात पाण्याचा दिवस. गच्चीवर टाकीत डोकावून उभी राहिले आणि पाऊण भरली, अजून पाव, असं मोठ्यांदा म्हणत होते. मि. खालून, ‘कुणाशी बोलतेयस?’ दोडक्याशी, म्हटलं.

संध्याकाळी पुढचं प्रकरण स्वतः सोडवून बघितलं. निम्मी बरोबर. हात गार नव्हते. बरं वाटलं आणि लगेच शंका आली की हे बरं वाटणं टिकणारं आहे का.

५ डिसें., शुक्र.

पठाण सरांनी बोलावलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर ॲपचा अहवाल उघडलेला. भाज्यांची नावं त्यांना आवडलेली दिसली नाहीत, पण त्यांचा आक्षेप वेगळाच. ‘मॅडम, ये दोडका कौन है? सबसे नीचे है. रोज हजर आहे, तरी असा निकाल?’

मी म्हटलं, प्रयत्न करतोय सर.

‘प्रयत्न नजर नही आ रहा. घरी कुणी बघत नसेल. पालकांना बोलवा सोमवारी, मी बोलतो.’ मी हो म्हणून बाहेर आले. आता पालक म्हणून मिलिंदला पाठवू का?

घरी सांगितलं तर मि. सोफ्यावर आडवा होऊन हसला. मग म्हणाला, ‘मी येतो. सांगतो, सर, घरी पण असंच आहे.’ मलाही हसू आलं. मग आलं नाही. उद्या कुणी पोराने शोधून काढलं तर? बाई खोटं नाव घेऊन आमच्यात बसल्या होत्या. मी यात काय करतेय, शिकवतेय की शिकतेय की नुसती लपतेय, मलाच सांगता येत नाही.

६ डिसें., शनि.

सकाळी मि. आणि मी विहारात जाऊन आलो. कोमलची आई भेटली, लेकरं घेऊन आली होती. कोमल नमस्कार करून आईमागे उभी राहिली. जाताना तिने हळूच विचारलं, ‘मॅडम, दोडका मुलगा हाय का मुलगी?’ मी म्हटलं, तुला काय वाटतं? विचार करून म्हणाली, ‘मुलगी असंल. लई घाबरती ती.’

८ डिसें., सोम.

पठाण सरांना खरं सांगून टाकलं. ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘तो आप हो दोडका.’ हो सर.  मग म्हणाले, ‘किसी को मत बताना अभी.’ रागावले का, कळलं नाही. चहा मागवला नाही, एवढं खरं.

आणि आजच दोडक्याला आलं. तीन छेद चार वजा दोन छेद तीन. मी मनात ड्रम धरला, बारा खुणांचा. एक छेद बारा. बाजू फिरवली, मोबाइल खाली आणला. हिरवं. पुढचं हिरवं. त्याच्या पुढचंही.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. ‘दोडका सुटला रे.’ कुणी बाक वाजवला. माझे डोळे भरून आले, मी पाठ फिरवून पडदा पुसला, त्याला पुसायचं काही नसतं. वळले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि कोमलचे हात मांडीवर होते.

९ डिसें., मंगळ.

कोमलचं पोट दुखलं. टाकीजवळची पायरी.

मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी जाऊन बसले. काय खाल्लं होतंस वगैरे विचारलं, तिला कळत होतं की मला दुसरंच विचारायचंय. शेवटी तीच म्हणाली, ‘दोडक्यालाबी यायला लागलं, मॅडम.’ चांगलं आहे की. ‘चांगलंच हाय.’ मग पायरीवर नखाने रेघा ओढत, ‘पन आता मी एकलीच राह्यले.’

 तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिने ठेवू दिला.

म्हणजे माझं हिरवं तिच्या पोटात दुखलं. मी शिकले म्हणून ती मागे सरकली. असं कधी असतं का? पण आहे. मग मी शिकायचं की नाही?

१० डिसें., बुध.

कोमलला गोड बोलून वर्गात बसवलं. आणि ठरवून चुकले.

एक छेद दोन अधिक एक छेद चार. तीन छेद चार, मला दिसत होतं. मुद्दाम एक छेद आठची बाजू वर धरली. दोडका लाल. वर्गाने ‘अरेरे’ केलं, मला वाटलं जमलं. कोमलकडे पाहिलं. ती पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

तास संपल्यावर टेबलापाशी आली. ‘मॅडम, आज दोडका मुद्दाम चुकली.’ कशावरून? ‘ती चुकली असती तर दोन छेद सहाला चुकली असती. वरचं वर, खालचं खाली. तशीच चुकती ती पयल्यापासून. हे एक छेद आठ कुठून आनलं तिनं?’ मग दप्तर खांद्यावर घेत, ‘कुनाची कीव करायलीय का?’

एवढीशी पोर. मी कार्डं गोळा करायचं नाटक करत राहिले. दोडक्याचं कार्ड हजेरीपटाखाली होतं, कोपरा बाहेर. तिने पाहिला का? तिच्या तोंडावरून काही कळलं नाही.

१२ डिसें., शुक्र.

दोन दिवस खेळ बंद. पडदा बिघडला सांगितलं. पोरांनी पडदा लावून दाखवला, चालू होता. सांगितलं, मग माझा मोबाइल बिघडला.

मि. म्हणतो, सांगून टाक, विषय संपव. त्याच्या कारखान्यात माप चुकलं तर लाल पट्टी लावून पेटीत टाकतात, झालं. मी म्हटलं, कोमलचं काय? तिला वाटतंय तिच्यासारखंच घाबरणारं कुणीतरी वर्गात आहे. ती खुद्द बाईच निघाली, मोठी, पगार घेणारी, तर?  मग म्हणाला, ‘पण घाबरणारं कुणीतरी आहे हे खोटं आहे का?’

चिडले त्याच्यावर. बरोबर बोलतो तेव्हा जास्त चिडते.

मग एक लक्षात आलं, ते लिहून ठेवते. जिला दुसऱ्याची चूक खरी की मुद्दामची हे ओळखता येतं, तिला ग. येत नाही असं कसं म्हणायचं? येतं. पेपर समोर आला की जातं. माझंही तसंच होतं की काय?

१५ डिसें., सोम.

खेळ परत सुरू. ठरवलं, जे येईल ते खरं धरायचं. आलं तर हिरवं, चुकलं तर लाल, कुणासाठी काही नाही.

नवीन प्रकरण, भागाकार. एक छेद दोन भागिले एक छेद चार. भागायचं म्हणजे लहान होणार, म्हणून एक छेद आठ धरलं, या वेळी अगदी मनापासून. बटण दाबलं. उत्तर दोन. दोन? अर्ध्याला भागलं आणि दोन झाले? मला खरंच काही कळेना. हात परत गार.

पडद्यावर दोडका लाल, आणि त्याच्या खालीच शेपू लाल. वर्ग दोडक्याला समजावायला तयार, पण कुणालाच समजावता येईना. जे हिरवे होते तेही म्हणाले, मॅडम, अंदाजानं धरलं. पूर्ण वर्ग गोंधळलेला आणि मी त्यात सगळ्यांत पुढे.

कोमल पोट धरेल म्हणून बघत होते. ती हसत होती. मोठ्यांदा नाही, स्वतःशी. मग म्हणाली, ‘दोडक्या, आज खरीच चुकलीस का? मीबी चुकले.’ आणि तशीच बसून बोटांवर मोजत राहिली. बऱ्याच वेळाने, वर्ग दुसरीकडे लागलेला असताना, एकदम, ‘अगं, अर्ध्या किलोत पाव किलो किती वेळा बसतंय? दोनदाच की.’

अर्ध्या किलोत दोन पाव. मी रोज सांगते भाजीवाल्याला.  मग मी म्हटलं, कोमल, फळ्यावर ये. ती आली. खडू हातात घेतला, तराजू काढला.

२० डिसें., शनि.

सोमवारी चाचणी. पेपर वानखेडे मॅडमनी रजेआधीच काढून ठेवलेला, पाकीट पठाण सरांच्या कपाटात. मी पाहिलेला नाही.

सुटताना कोमल टेबलापाशी. बाकीची पोरं जायची वाट बघितली. ‘चाचनीला कार्ड नसतं, मॅडम.’ नसतं. ‘खरं नाव लिव्हावं लागतं वरती.’ हो. ‘शेपू लिव्हलं तर चालंल?’ नाही गं बाळा. ती मान हलवत राहिली. मग, ‘दोडका बसनार हाय का चाचनीला?’

इतके दिवस काय करू काय करू म्हणत होते, आणि उत्तर तोंडातून आपसूक गेलं. बसणार आहे. शेवटच्या बाकावर, खरं नाव लिहून.

‘मला दिसंल का कोन हाय?’

आलीस तर दिसेल.

तिने विचारलं नाही, मॅडम, तुम्हीच का. पण गेली ती हजेरीपटाकडे एकदा बघून.

सरांकडे गेले. म्हटलं, पर्यवेक्षण तुम्ही करा, मला पेपर लिहायचाय. सरांनी चष्मा काढला. ‘आप लिखेंगे? तो जाँचेगा कौन?’ तुम्ही, सर. कपाटाची किल्ली हातात फिरवत बसले. म्हणाले, ‘मॅडम, सच बोलू? मुझे भी भागाकार में...’ आणि पुढचं वाक्य राहिलं, शिपाई आला म्हणून. मग चहा मागवला.

२१ डिसें., रवि.

कोमलच्या आईला फोन केला. सोयगावचं काय? ‘पिशवी भरून ठिवली हाय, मॅडम. पेपर झाला की बघू म्हनत्यात हिचे पप्पा.’ कोमल कशी आहे? ‘सकाळधरनं अंग कोमट लागतंय.’ तिला द्या म्हटलं तर ती फोनवर आली नाही. लांबून आवाज आला, ‘मॅडमला म्हनावं अभ्यास करा.’

मला? का दोडक्याला सांगा म्हणाली? लाइन नीट नव्हती. आईने फोन ठेवला.

तिला कळलंय का? कळलं असेल तर आपल्याला फसवलं म्हणून उद्या येणारच नाही का? की कळलंय म्हणूनच येईल? दुपारपासून हेच. मि. म्हणाला, भागाकाराची चार घे सोडवायला, डोकं थांबेल. घेतली. तीन आली.

२२ डिसें., सोम. सकाळ

साडी नेसून, पाउचमध्ये दोन पेन, पट्टी, पेन्सिल टोक करून. कंपास लागत नाही, तरी घेतला.

पोटात दुखतंय. बेंबीच्या वर, पिळल्यासारखं. मि.ला सांगितलं नाही, तो ओवा देईल. मला वाटायचं कोमल बहाणा करते. निदान थोडा तरी. अजिबात करत नव्हती ती, खरंच दुखतं.

रिक्षा आली. आज शाळेत गेल्यावर आधी टाकीजवळची पायरी बघायची. ती तिथं बसलेली असली तर मीही बसेन थोडा वेळ, घंटा होईपर्यंत. नसली तर ती वर्गात असेल, नाहीतर घरी असेल, नाहीतर

रिक्षावाला हॉर्न देतोय. जाते.